इम्पोर्टेड ट्रॅक्टर घेताय? आधी स्वस्ताई कुठून आली ते शोधा

५० तास भरले तेव्हा मी ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं तेल पहिल्यांदा काढलं. ड्रेन प्लगला आतल्या बाजूनं लोहचुंबक असतं. प्लग सोडवून त्या चुंबकावर बोट फिरवलं तर राखाडी मलमासारखा थर, चिमटीत चोळला तर एकदम मऊ, म्हणजे नवे गिअर एकमेकांवर बसताना जे झिजतं ते, हे प्रत्येक नव्या ट्रॅक्टरमध्ये निघतं आणि त्याची काळजी करायची नसते. पण त्याच मलमात मोहरीएवढे दोन चमकणारे तुकडे होते, वळलेले, ड्रिल मारताना निघतो तसला कीस. आणि तेल सुती कापडातून गाळलं तेव्हा कापडावर चिमूटभर वाळू राहिली. साधी वाळू. ओतकामाच्या साच्यातली, जी कास्टिंग तयार झाल्यावर कोपऱ्याकोपऱ्यातून काढून धुवायची असते, ती कुणी धुतलीच नव्हती.

आधी राग आला. मग थोड्या वेळानं एक गोष्ट कळली ती मला आजपर्यंत उपयोगी पडतेय. मोठ्या नावाच्या ट्रॅक्टरपेक्षा हा एवढा स्वस्त कसा काय, हे मी घेण्याआधी दहा जणांना विचारलं होतं आणि कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं, आणि उत्तर त्या कापडावर होतं. लोखंडात काटकसर केलेली नव्हती, इंजिन ठणठणीत होतं, गिअरला टेंपर होतं. फक्त शेवटचं काम केलेलं नव्हतं. धुणं, तपासणं, प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचनं आवळणं, वायरिंग नीट बांधणं, हे सगळं माणसांचं वेळखाऊ काम असतं, तेवढं कापलं की किंमत खाली येते. ते राहिलेलं काम ट्रॅक्टरबरोबर माझ्या अंगणात आलं होतं.

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय, स्वस्तातला बाहेरच्या देशातला ट्रॅक्टर घ्यावा का, टिकतो का. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढू. माझं म्हणणं असं आहे की घ्यावा की नको हा प्रश्न नंतरचा, पहिला प्रश्न स्वस्ताई कुठून आली हा. ते समजलं की बाकीचा निर्णय बराचसा आपोआप होतो.

कारण स्वस्त इम्पोर्टेड ट्रॅक्टर एका जातीचे नसतात. एक जात म्हणजे नवा कोरा पण अर्धवट फिट केलेला, माझा तसा होता. दुसरी जात म्हणजे जुना, उत्तम बांधणीचा, पण तुमच्या देशात ज्याचं कुणीच नाही असा, म्हणजे जपानमधून वापरून आलेले लहान ट्रॅक्टर. पहिल्यात कारागिरी राहून गेलेली असते, दुसऱ्यात कारागिरी अव्वल पण मागं उभं राहणारं कुणी नसतं. दोन्हीचे आजार वेगळे आणि औषधंही वेगळी, आणि लोक दोन्हीला एकाच मापात मोजतात तिथंच घोटाळा होतो.

आधी पहिल्याबद्दल. चीनमधले लहान ट्रॅक्टर म्हटले की लोक नाक मुरडतात पण तिथं ट्रॅक्टर काही काल-परवा बनायला लागलेले नाहीत. लोयांगच्या कारखान्यातून पहिला डोंगफांगहाँग ट्रॅक्टर १९५८ मध्ये बाहेर पडला, तो सोव्हिएत डीटी-५४ वर बेतलेला होता. तेव्हापासून तिथले जाड लोखंडाचे, साध्या रचनेचे डिझेल इंजिन जगभर गेलेत. एस १९५ हे सिंगल सिलिंडरचं इंजिन तर तुम्ही पंपावर, पॉवर टिलरवर कुठं ना कुठं बघितलं असणार. आकड्यातच माहिती आहे बघा, १ म्हणजे एक सिलिंडर आणि ९५ म्हणजे ९५ मिमी बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ११५, २००० आरपीएमला १२ हॉर्सपॉवर. तसंच २९५ लिहिलेलं असेल तर दोन सिलिंडर ९५ बोअर, ३८५ असेल तर तीन सिलिंडर ८५ बोअर. ट्रॅक्टर बघायला गेलात की बोनेटवरचं स्टिकर सोडा, इंजिनवरची पट्टी पुसून हा आकडा वाचा. कारण ट्रॅक्टर जोडणारी कंपनी उद्या बंद पडेल, पण तेच इंजिन दहा वेगवेगळ्या कंपन्यांनी वापरलेलं असेल तर त्याचे पिस्टन, लायनर, गॅस्केट मिळत राहतात. बोनेटच्या रंगाला तेवढं आयुष्य नसतं.

या जातीच्या ट्रॅक्टरमध्ये लोखंड चांगलं आणि रबर वाईट, हे मी डोळे झाकून सांगतो. होजपाईप, ऑइल सील, ओ-रिंग, फॅन बेल्ट, वायरिंगवरचं कव्हर, बॅटरी, मीटर. पहिल्या दोन वर्षांत माझं जे काही बिघडलं त्यातलं जवळपास सगळं या यादीतलं होतं, इंजिनचं एकदाही काही निघालं नाही. पहिला मोठा दणका हायड्रॉलिकच्या होजनं दिला. दोन दिवस पाऊस पडून गेलेला, चौथ्या दिवशी वापसा आला, रोटाव्हेटर जुंपला, दुसऱ्याच फेरीत फटकन आवाज झाला आणि गरम तेल मडगार्डवर. अंगावर आलं नाही हे नशीब, दाबाखालचं तेल कातडी फाडून आत शिरतं, गळती शोधताना कधीही हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. होज हातात घेऊन बघितला तर प्रेसिंगच्या जागी रबर भेगाळलेलं, तिथं नखानं खरवडलं तर पापुद्रे निघत होते. त्याच संध्याकाळी मी सगळे होज काढून चांगल्या प्रेशर रेटिंगचे करून आणले, आणि हे काम ट्रॅक्टर आल्या दिवशी करायला पाहिजे होतं असं मला तेव्हापासून ठाम वाटतं.

बोल्टचंही सांगतो. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा उठवलेला असतो. ८.८ चा अर्थ त्याला तुटायला साधारण ८०० मेगापास्कल ताण लागतो आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, तो कायमचा ताणला जायला लागतो. माझ्या ट्रॅक्टरला लोडरच्या ब्रॅकेटचे आणि मागच्या रिमचे काही बोल्ट असे होते की डोकं एकदम सपाट, कसलाही आकडा नाही. अशा ठिकाणचे बोल्ट मी सरळ बदलून टाकले, आणि चाकांचे नट पहिल्या ५ तासांनी, मग १० तासांनी, मग रोज आठवडाभर आवळले, पहिल्या खेपेला मागच्या डाव्या चाकाचे तीन नट जवळपास अर्धा फेरा फिरले. हे काम ज्याला येत नाही किंवा ज्याला त्यासाठी वेळ नाही त्यानं पहिल्या जातीचा ट्रॅक्टर घेऊच नये. किमतीतला फरक तुम्ही वाचवलेला नसतो, तो तुम्हाला पाना चालवण्याची मजुरी म्हणून आगाऊ दिलेला असतो, हे मनापासून पटलं तरच हा सौदा परवडतो. मला परवडला. पहिल्या महिन्यात मी साधारण ४० तास त्याच्याखाली झोपून घालवले, सगळं तेल दोनदा बदललं, वायरिंगचे सगळे जोड नव्यानं केले, आणि त्यानंतर तो ट्रॅक्टर माझ्याशी इमानानं वागलाय.

आता दुसरी जात, जपानी. यानमार, कुबोटा, इसेकी, हिनोमोटो, मित्सुबिशी, १९७० ते ९० च्या दशकातले लहान ट्रॅक्टर तिकडच्या भातशेतीत चिखलणी करून म्हातारे झाले की कंटेनर भरून जगभर विकले जातात. यानमारनं १९३३ मध्ये व्यवहारात चालेल असं छोटं डिझेल इंजिन बाजारात आणलं होतं, त्यामुळं लहान डिझेलमध्ये या लोकांचा हात किती मुरलेला आहे ते वेगळं सांगायला नको. ४० वर्षांचं इंजिन थंडीत एका फेऱ्यात धरतं. मी असे तीन-चार चालवून बघितलेत आणि खरं सांगतो, गिअर टाकताना जो हलका टक्क आवाज येतो ना, तेवढ्यावरच घ्यावासा वाटतो.

पण घ्यायच्या आधी एक निकाल माहीत असू द्या. अमेरिकेत हे जुने जपानी ट्रॅक्टर भरपूर यायला लागले तेव्हा कुबोटानं तक्रार केली आणि प्रकरण तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगापुढं आणि पुढं फेडरल सर्किट कोर्टात गेलं. १९९९ मध्ये कोर्टानं कुबोटाची बाजू उचलून धरली. गंमत म्हणजे हे ट्रॅक्टर कुबोटाचेच होते, खरेखुरे, नकली नव्हते. पण कोर्टाचं म्हणणं असं की जपानसाठी बनवलेला ट्रॅक्टर आणि अमेरिकेसाठी बनवलेला ट्रॅक्टर यात फरक आहे, बांधणीच्या मजबुतीत, पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) वेगात, व्हीलबेस आणि चाकांच्या अंतरात, पार्ट आणि सर्व्हिस मिळण्यात, धोक्याच्या सूचना जपानी भाषेत असण्यात, म्हणून त्याच नावानं तो विकणं ग्राहकाची दिशाभूल आहे. कायद्याचं काय ते ज्याच्या त्याच्या देशात वेगळं, पण मला ही फरकांची यादी महत्त्वाची वाटते, कारण हीच यादी हातात घेऊन ट्रॅक्टर बघायला जाता येतं.

पीटीओचंच घ्या. आपले रोटाव्हेटर, ग्रासकटर बहुतेक सगळे ५४० आरपीएमसाठी बनवलेले असतात, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. जपानी ट्रॅक्टरला पीटीओचे तीन-चार गिअर असतात, कारण त्यांना वेगवेगळ्या मातीत रोटरीचा वेग बदलायचा असतो, आणि त्यातले वरचे गिअर १००० च्याही पुढं जातात. ५४० चा ग्रासकटर चुकून तिसऱ्या गिअरवर लावला तर पातं दुप्पट वेगानं फिरतं आणि ते सुटलं तर समोर कोण आहे हे बघत नाही. लिव्हरवर जपानी अक्षरं, आपल्याला काही कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी फेरे मोजायचा टॅकोमीटर लावून प्रत्येक गिअरला शाफ्टचा वेग मोजा आणि पक्क्या रंगानं लिव्हरशेजारी लिहून ठेवा. शिवाय जुन्या मॉडेलमध्ये क्लच दाबला तरी जड ग्रासकटरचं फिरतं वजन पीटीओमधून उलटं गिअरबॉक्सला ढकलत राहतं, ब्रेक दाबलेला असताना ट्रॅक्टर पुढं सरकतो. त्याला ओव्हररनिंग क्लच म्हणून एक छोटा तुकडा शाफ्टवर बसवायचा असतो, खर्च फार नाही, पण माहीत पाहिजे.

आणि पार्टचं म्हणाल तर जपानी ट्रॅक्टरचा जुळा भाऊ शोधायचा. उदाहरणार्थ जपानमधला यानमार वायएम २००० आणि अमेरिकेत विकलेला वायएम २४० हे बहुतांश एकच यंत्र आहे. बाहेर विकलेला असा जुळा असेल तर पार्टबुक इंग्रजीत मिळतं, फिल्टरचे नंबर मिळतात, दुरुस्त करणारे लोक भेटतात. जुळा नसेल तर कितीही सुंदर चालू दे, मी हात जोडून परत येईन.

जुन्या ट्रॅक्टरचं मीटर बघून तासांवर विश्वास ठेवू नका हे सगळेच सांगतात, पण मग बघायचं काय ते कुणी सांगत नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर बघा. पेडल झिजून गुळगुळीत झालंय आणि मीटर ६०० तास दाखवतंय, हे जमत नाही. पीटीओ शाफ्टच्या दात्यांवरून नख फिरवा, एका बाजूला पायरी लागली तर त्यानं खूप रोटरी ओढलीय. लोअर लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या खालच्या दांड्यांच्या, बॉलमध्ये किती ढिलाई आहे ते हातानं हलवून बघा. टायरवर बऱ्याचदा चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, त्यावरून टायर मूळचे की नंतर घातलेले ते कळतं. ताजा रंग मला नेहमी खटकतो. मातीत राबलेलं यंत्र चकचकीत असेल तर रंगाखाली गळणारं सील किंवा वेल्डिंग असायची शक्यता मी आधी धरतो, आणि चाकाच्या मागं, ॲक्सलच्या खालच्या अंगाला, जिथं स्प्रे पोचत नाही तिथं टॉर्च मारून बघतो.

आणि इंजिन गार पाहिजे. हे सगळ्यात मोठं. आपण पोचायच्या आधी मालकानं इंजिन चालू करून गरम करून ठेवलं असेल तर कंप्रेशनचं अर्धं सत्य गेलं. पोचल्या पोचल्या हसून बोलत बोलत रेडिएटरला हात लावायचा. गार असेल तर चालू करायला सांगायचं, किती फेरे घेतो, धूर पांढरा किती वेळ राहतो ते बघायचं, मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघायचं, आतून फसफस करून वाफ फेकत असेल तर रिंगा गेल्या. मागं जड अवजार उचलून इंजिन बंद करायचं आणि गप्पा मारायच्या, दहा मिनिटांत अवजार जमिनीला टेकलं तर हायड्रॉलिकला काम आहे. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, भातातल्या ट्रॅक्टरला हे फार वेळा दिसतं. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि जो माणूस एवढा वेळ द्यायला कुरकुर करतो त्याच्याकडून मी घेत नाही.

नव्याच्या कॅटलॉगमध्ये दोन आकडे फसवे असतात. एक हॉर्सपॉवर. इंजिनची लिहिलेली असते, पण काम करते ती पीटीओला मिळणारी, आणि ती साधारण १५-२० टक्क्यांनी कमी भरते. दुसरा आकडा लिफ्टचा. उचलण्याची ताकद लोअर लिंकच्या टोकाला मोजली तर आकडा मोठा दिसतो, तिथून ६१० मिमी मागं मोजली तर खूप उतरतो, आणि खरं अवजाराचं वजन तर मागंच असतं. दोन ट्रॅक्टरची तुलना करताना एकाचा आकडा टोकाचा आणि दुसऱ्याचा ६१० चा असला तर सगळी तुलनाच खोटी. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या टेस्ट रिपोर्टमध्ये दोन्ही वेगवेगळे दिलेले असतात. लहान ट्रॅक्टरचे असे रिपोर्ट फार कमी मिळतात, मिळाला तर मात्र आधी तो वाचा.

या टेस्टची गोष्ट मला फार आवडते, सांगतोच. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाचा शेतकरी होता. त्यानं १९१६ मध्ये ‘फोर्ड’ ट्रॅक्टर घेतला. तो हेन्री फोर्डचा नव्हताच, मिनियापोलिसच्या एका वेगळ्याच कंपनीनं ते नाव लावलं होतं, म्हणून तर खऱ्या फोर्डला आपला ट्रॅक्टर फोर्डसन या नावानं काढावा लागला. क्रोझियरचा ट्रॅक्टर चालेना, बदलून दिलेला दुसराही चालेना, नाव मोठं लक्षण खोटं. मग त्यानं रुमली कंपनीचा एक वापरलेला ट्रॅक्टर घेतला, त्यावर तीन फाळांचं रेटिंग होतं आणि तो पाच फाळ ओढायचा. म्हणजे एकाचा आकडा फुगवलेला आणि दुसऱ्याचा उलट कमी सांगितलेला, घेणाऱ्यानं विश्वास ठेवायचा कशावर? हाच माणूस पुढं राज्याच्या विधिमंडळात गेला आणि सेनेटर चार्ल्स वॉर्नर यांच्याबरोबर १९१९ मध्ये त्यानं कायदा करून घेतला की राज्यात विकायचा ट्रॅक्टर आधी विद्यापीठात तपासला गेला पाहिजे. १९२० मध्ये लिंकन इथं चाचण्या सुरू झाल्या, पहिला पास झाला तो वॉटरलू बॉय. पण मला यातलं भावतं ते वेगळंच, त्याच कायद्यात असंही घातलं होतं की कंपनीनं राज्यात पार्टचा साठा आणि सर्व्हिसची सोय ठेवली पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी एका फसलेल्या शेतकऱ्याला कळलं होतं की ताकद मोजून अर्धंच काम होतं, पार्ट मिळाला नाही तर ती ताकद बांधावर उभी राहते.

माझी क्लचची फिंगर तुटली तेव्हा हे मला अंगावर शेकून कळलं. हायड्रॉलिक पंपाचं सील गेलं होतं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं, सीलवर मापं लिहिलेली असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तीन आकडे वाचले आणि त्याच दिवशी दुसरं बसवलं. बेअरिंगचंही तसंच, ६२०५ म्हटलं की जगात कुठंही २५ बाय ५२ बाय १५ मिमी. पण क्लचची फिंगर ही त्या मॉडेलची खास वस्तू होती, हाताच्या करंगळीएवढा लोखंडाचा तुकडा. ज्यांनी विकला त्यांनी पहिले चार दिवस फोन उचलला नाही, मग म्हणाले मागवलाय, मग म्हणाले बोटीवर आहे. २३ दिवस. शेवटी मेस्त्रीकाकांनी जुन्या तुटक्या तुकड्यावरून माप घेऊन नवीन घडवली, कानशीनं घासत घासत, आणि मला म्हणाले, “घेताना किंमत विचारलीस, ही कुठं मिळते ते का नाही विचारलंस?” याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणून नाही, पार्ट पाहिजे असलेला माणूस म्हणून फोन करा. क्लच प्लेट, हायड्रॉलिक पंप, पुढच्या ॲक्सलचं सील, या तिन्हीचं नाव घ्या आणि आत्ता शेल्फवर आहे का तेवढंच विचारा. “मागवून देऊ” हे उत्तर नाही. तिन्ही असतील तर तो दुकानदार ट्रॅक्टर विकतोय, नसतील तर तो फक्त कंटेनर रिकामा करतोय.

एका बाबतीत मात्र मी काहीच तडजोड मानत नाही आणि ती म्हणजे डोक्यावरची कमान, रोल बार. स्वीडननं १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर ती सक्तीची केली आणि तिथं ट्रॅक्टर उलटून मरणाऱ्यांचं प्रमाण पुढच्या काळात अगदी नगण्य झालं. जुने जपानी ट्रॅक्टर अरुंद असतात, भाताच्या सपाट खाचरासाठी बनवलेले, बऱ्याच जणांना कमान नसतेच. उतारावर किंवा मागून जड ओढताना पुढचा भाग उचलला गेला की सावरायला एक सेकंदही मिळत नाही. कमान आणि सीटबेल्ट दोन्ही पाहिजेत, आणि कमान कुठल्यातरी पाइपाची वेल्डिंग करून बनवलेली नको, त्या मॉडेलसाठी तपासलेली पाहिजे. ती मिळत नसेल तर तो ट्रॅक्टर कितीही स्वस्त असो, माझ्या घरच्या माणसाला मी त्यावर बसू देणार नाही.

आणि इम्पोर्टेड म्हणजे हलकं हा समज तेवढा काढून टाका. १९७० च्या दशकात अमेरिकेत कुबोटा हाच बाहेरून आलेला स्वस्त, छोटा ट्रॅक्टर होता, लोक खेळणं म्हणायचे, आणि आज त्याचं नाव काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. आपला महिंद्रा १९९४ पासून अमेरिकेत विकला जातोय, तिथं तोही बाहेरचा, परवडणारा म्हणूनच शिरला. देशावरून काही ठरत नाही. मिन्स्कचा बेलारूस ट्रॅक्टर दिसायला ओबडधोबड, पण त्याच्यावर काम करणाऱ्या माणसाला विचारा.

किती वापर आहे त्यावर मी असं सांगतो, आणि हा माझा अनुभवातला अंदाज आहे. वर्षाला १००-१५० तास काम, घरात पाना धरणारा माणूस, आणि ट्रॅक्टर आठवडाभर बंद पडला तर शेजारून मागून आणता येतो अशी सोय, या तिन्ही गोष्टी असतील तर स्वस्त इम्पोर्टेड जरूर घ्या, उरलेल्या पैशात चांगला रोटाव्हेटर येतो. वर्षाला ४००-५०० तास भाड्यानं चालवायचा असेल, त्याच्यावर हप्ता फेडायचा असेल, तर जवळ डीलर असलेलाच घ्या, भले तो जुना असो. एक दिवस बंद म्हणजे काय हे दोघांच्या बाबतीत सारखं नसतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझा आतेभाऊ. त्याला एक जपानी आवडलाय, २० हॉर्सपॉवर, फोर व्हील, जुळं मॉडेल आहे, पार्टबुक मिळालं, फोन करून तिन्ही पार्ट विचारले तर दोन शेल्फवर आहेत. गेल्या रविवारी बघायला गेलो. तो थेट सीटवर जाऊन बसला, मी बोलत बोलत रेडिएटरला हात लावला, चांगलाच गरम होता. मालक म्हणाले सकाळी जरा शेतात नेला होता. टायरला ओली माती कुठंच नव्हती. मी भावाला बाजूला घेतलं, म्हटलं आज काही बोलू नकोस, चहा घेऊ आणि निघू. त्याचा चेहरा उतरला, त्याला भीती की दुसरं कुणी घेऊन जाईल. पण परवा आम्ही परत जाणार आहोत, सकाळी सहाला, टॅकोमीटर आणि टॉर्च घेऊन, आणि मालकांना फोनवर सांगून ठेवलंय की आम्ही येईपर्यंत इंजिनला हात लावू नका.